संदर्भ गाळाल, पण वाक्याचं काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नेरुळला राहणाऱ्या या वाचक ठाण्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवतात आणि पीएचडी करताहेत. विषय ठाणे खाडीकाठच्या मासळी विकणाऱ्या कोळणींचा. शाळा मराठी माध्यमाची. पहिला शोधनिबंध एका इंग्रजी नियतकालिकाने स्वीकारला आणि प्रूफं आली, सोबत संपादकीय विभागाची शंका: यादीतले दोन संदर्भ सापडत नाहीत, तपासून कळवा. त्यांनाही ते सापडेनात. पूर्वसंशोधनाचा आढावा त्यांनी चॅटजीपीटीकडून लिहून घेतला होता आणि तसं कुठे नमूद केलं नव्हतं. मुलाखतींची ध्वनिमुद्रणंही एका फुकट संकेतस्थळावर टाकून उतरवून घेतली होती. मार्गदर्शक सर सहलेखक आहेत; ते म्हणतात, “दोन संदर्भ गाळ, प्रूफं पाठव, विषय संपला.” स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याचे निबंध एआयच्या जोरावर धडाधड छापून येताहेत. वाचक विचारतात: सरांचं ऐकू की संपादकांना खरं सांगू? सांगितलं तर पीएचडी धोक्यात येईल का? प्रबंध एआय तपासणीत अडकला तर? आणि इंग्रजी कच्चं असलेल्यांनी ही मदत घ्यायचीच नाही का?

नमस्कार.

दोन्ही संदर्भ आणि ते ज्या परिच्छेदात आलेत तो परिच्छेदही तुम्ही पाठवलात, हे फार बरं केलंत. नाहीतर मी नुसती नीतीवर बोलत बसले असते.

पहिला संदर्भ ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चा आहे: साल २०११, खंड ४३. या साप्ताहिकाचा पहिला खंड १९६६चा आणि वर्षाला एक खंड. म्हणजे २०११ला खंड ४६ असायला हवा. ग्रंथालयात नोकरी केलेल्या माणसाला असली बेरीज करायची खोड असते, पण ती कुणालाही जमण्यासारखी आहे. दुसऱ्या संदर्भातल्या लेखिका खऱ्या, प्रकाशन संस्था खरी. फक्त त्या बाईंनी त्या नावाचं पुस्तक लिहिलेलं नाही.

चॅटबॉटच्या पोटात ग्रंथालयाची सूची नसते. आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, या अंदाजावर तो मजकूर पुढे नेतो. समाजशास्त्र, कोळी समाज, मुंबई एवढं म्हटलं की ते साप्ताहिक येण्याची शक्यता असते, एखादं नेहमीचं आडनाव येण्याची असते, खंड आणि पानं म्हणून कुठलेतरी आकडे तर हवेतच. तुकडे बहुतेक ओळखीचे, जुळणी बनावट. २०२३ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये वॉल्टर्स आणि वाइल्डर यांनी चॅटजीपीटीने दिलेले ६३६ संदर्भ तपासून प्रसिद्ध केले. ३.५ आवृत्तीचे ५५ टक्के आणि ४ आवृत्तीचे १८ टक्के संदर्भ अस्तित्वातच नव्हते. आता इंटरनेटवर शोधून उत्तर देणाऱ्या प्रणाली आल्यात. तिथे निबंध खरा निघतो, पण कधी कधी त्यात ते म्हटलेलंच नसतं. ही चूक खंड-पानांच्या हिशेबाने पकडता येत नाही. निबंध उघडून वाचावाच लागतो.

आता सरांचा सल्ला. तो अर्धा बरोबर आहे. ते दोन संदर्भ जायलाच हवेत. पण ते ज्या वाक्यासाठी आले होते, ते वाक्य प्रूफात तसंच राहणार आहे. आधी त्याला खोटा साक्षीदार होता, आता एकही नसेल, आणि विधान मात्र तेवढ्याच ठामपणे छापलं जाईल.

ते वाक्य पुन्हा वाचा. इंग्रजीतला मतितार्थ असा: खाडीतली मासळी घटल्यावर स्त्रिया बाहेरून माल आणून विकू लागल्या आणि त्यामुळे उधारीचा बोजा स्त्रियांच्या नावावर आला, हे अनेक अभ्यासांतून सिद्ध झालं आहे. आणि पत्रासोबत दिवाळे गावच्या एका मावशींचं बोलणं तुम्ही त्यांच्याच शब्दांत जोडलंय: “घरचा म्हावरा व्हता तवा उधारी नव्हती. आता धक्क्यावरशी आनायचा, न उधारी माजे नावावर.”

मावशींचं वाक्य तुमच्याकडे आहे, तारखेसकट, आवाजासकट. ‘अनेक अभ्यास’ कुठून आले? तुम्ही यंत्राला म्हणालात, याला आधार दे. त्याने दिला. नाही म्हणणं त्याच्या फारसं स्वभावात नाही.

इथे मला जे नुकसान दिसतं त्याचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. तुम्हाला काळजी आहे की आपण पकडले जाऊ. मला वाटतं, तुम्ही लुटल्या गेलात. खाडीची मासळी गेली तशी उधारी सुरू झाली आणि ती बाईच्या नावावर आली, ही गोष्ट याआधी कुणी मांडलेली तुम्हाला सापडत नाहीये. मग ती तुमची आहे! ‘संशोधनातली पोकळी दाखवा’ म्हणून कोर्सवर्कपासून सगळे कानीकपाळी ओरडत असतात. तुम्हाला ती गावात बसून सापडली आणि यंत्राने ती दोन बनावट नावांनी लिंपून टाकली. निबंधातली सगळ्यात नवी गोष्ट तुम्ही कुणी लिहिलंच नाही अशा लेखनाच्या नावावर करून दिलीत.

म्हणून तो परिच्छेद दुरुस्त करताना नुसती कात्री लावू नका, तो उलटा करा. ‘आमच्या शोधात या विषयावर थेट अभ्यास आढळला नाही, आम्ही बोललो त्या स्त्रियांपैकी इतक्या जणींनी असं सांगितलं.’ इतक्या म्हणजे किती, तो आकडा तुमच्या टिपणवहीत आहे. तो लहान असला तरी चालेल.

अर्थात ‘आढळला नाही’ असं लिहायचा हक्क खरोखर शोधल्यावरच मिळतो. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर इतर विद्यापीठांचे प्रबंध पाहा, मराठीत लिहिलेलेही. ठाण्यात उतरताच आहात, तर १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात एक दुपार घाला. आगरी-कोळी समाजावरचं मराठी लेखन, स्मरणिका, गावांचे इतिहास यांतलं बरंचसं कुठल्याही यंत्राच्या वाचनात आलेलं नसणार. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा, १८८२चा तेरावा खंड इंटरनेटवर मिळतो. साहेबाच्या नजरेने लिहिलेला आहे, ते लक्षात ठेवून वाचायचा. इंग्रजी नियतकालिकांसाठी ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ ही केंद्राची योजना जानेवारी २०२५पासून सुरू आहे. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी संस्थांना त्यातून मिळतात. तुमचं महाविद्यालय त्यात बसतं का, नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयातून वाचता येईल का, हे ग्रंथपालांना विचारा. विचारणारे फार कमी येतात, म्हणून ते खूश होतात.

तोवर संपादकांना आजच एक ओळीची ईमेल टाका: शंका रास्त आहे, तपासतोय, प्रूफांना आठवडाभर मुदतवाढ मिळेल का. आणि त्या आठवड्यात दोन नव्हे, यादीतला प्रत्येक संदर्भ तपासा. शीर्षक क्रॉसरेफ या निबंधांच्या नोंदणी संस्थेच्या शोधात घाला, डीओआय (निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) असेल तर तो उघडून पाहा, खंड आणि पान जुळतंय का बघा, मग तो मजकूर वाचा. केवळ गूगल स्कॉलरवर दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. कुणीतरी उल्लेख केलाय एवढ्यावरही तिथे नोंद तयार होते, म्हणजे एका निबंधातला बनावट संदर्भ तिथे नोंद होऊन बसतो आणि पुढच्याला खरा वाटतो. जाता जाता, आपण ज्याचा आधार घेतोय तो निबंध नंतर मागे घेतला गेलाय का हेही पाहा. ‘रिट्रॅक्शन वॉच’ची नोंदसूची २०२३पासून क्रॉसरेफने सर्वांना खुली केली आहे.

मग पत्र. लांबण लावू नका, रडगाणं नको, मराठी माध्यमाचं कारणही नको. साधारण असं: ‘आपण विचारलेले दोन्ही संदर्भ आम्हाला पडताळता आले नाहीत, म्हणून काढले आहेत. पूर्वसंशोधनाचा आढावा लिहिताना चॅटजीपीटीचा वापर केला होता. तो नमूद करायचं राहून गेलं, त्याचं निवेदन सोबत आहे. उरलेले सर्व संदर्भ मूळ मजकुराशी ताडून पाहिले आहेत. संबंधित परिच्छेद सुधारून पाठवत आहोत. पुढील निर्णय आपण कळवावा.’ निवेदनात साधनाचं नाव, आवृत्ती, कोणत्या भागासाठी आणि कशासाठी वापरलं, एवढं पुरतं.

यानंतर काय होईल? बहुधा परिच्छेद पुन्हा परीक्षकाकडे जाईल आणि निबंध लांबेल. स्वीकृती मागेही घेतली जाऊ शकते; हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण छापून आल्यावर कुणी बोट ठेवलं तर निबंध मागे घेतला जातो, आणि ती नोंद नावासकट कायमची राहते. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त निबंध मागे घेतले गेले. त्यातले आठ हजारांवर एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे होते. त्या नियतकालिकांत पैसे घेऊन घाऊक बनवून दिलेले निबंध घुसल्याचं उघडकीला आलं आणि मालक असलेल्या वायली कंपनीला हिंदावी हे नावच बंद करावं लागलं. तेव्हापासून संपादक मंडळी संदर्भांकडे डोळ्यांत तेल घालून बघतात. तुम्हाला आलेली शंकाही त्यातलीच.

सरांना वगळून काही करू नका. संपादकांना पत्र जाण्याआधी त्यांच्यासमोर दुरुस्त परिच्छेद ठेवा आणि सांगा, “सर, तुम्ही म्हणालात तसे संदर्भ काढले, पण मग वाक्यही बदलावं लागलं.” ते खरंही आहे आणि त्यांचा मानही राहतो. तरीही ते अडले, तर दोन गोष्टी सांगायला हरकत नाही. सहलेखक म्हणून जबाबदारी दोघांची आहे. एआयला लेखक म्हणून नाव देता येत नाही असं ‘नेचर’ने जानेवारी २०२३मध्ये आणि प्रकाशन-नीतीची ‘कोप’ ही संस्था आहे तिने त्याच्या पुढच्याच महिन्यात जाहीर केलं, ते याच कारणाने, की यंत्र जबाबदारी घेऊ शकत नाही. म्हणजे ती उरते तुम्हा दोघांवर. आणि संस्थांच्या एनआयआरएफ क्रमवारीत २०२५पासून मागे घेतलेल्या निबंधांचे गुण वजा होतात. पहिलं कारण नाही पटलं तर दुसरं पटेल, असा माझा अनुभव आहे.

पीएचडीचं म्हणाल तर शोधनिबंध लांबला म्हणून ती बुडत नाही. प्रबंधाआधी निबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे ही अट यूजीसीने नोव्हेंबर २०२२च्या नियमांत काढून टाकली. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादीही २०२५च्या फेब्रुवारीत बंद झाली. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची काही अट ठेवली आहे का, ते तेवढं लेखी बघून घ्या. नोकरीच्या मुलाखतीला निबंधांचे गुण असतात, ते मला माहीत आहे. तासिका तत्त्वावर वर्षामागून वर्षं काढणाऱ्या माणसाला ‘घाई करू नका’ म्हणणं सोपं नसतं. तरी एक प्रश्न: हाच आढावा प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात गेलाय का? गेला असेल तर खरी घाई तिथे करा. प्रबंध शोधगंगेवर चढतो आणि कुणीही, कधीही उघडून वाचू शकतो.

एआय तपासणीची भीती अनेक विद्यार्थी लिहून कळवतात, म्हणून जरा सविस्तर. यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, त्यापुढे पायऱ्या आहेत. पण ते साम्य म्हणजे दुसऱ्या मजकुराशी जुळणारे शब्द. ‘हे यंत्राने लिहिलंय’ असा टक्का सांगणारं सॉफ्टवेअर ही वेगळी चीज आहे आणि ती भरवशाची नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल परीक्षेतले ९१ निबंध अशा सात सॉफ्टवेअरना दिले. माणसांनी लिहिलेले ते निबंध सरासरी ६१ टक्के वेळा यंत्राचे ठरले. कारण या सॉफ्टवेअरना साधी, अपेक्षित शब्दरचना संशयास्पद वाटते, आणि परक्या भाषेत आपण सगळेच तसं लिहितो. ओपनएआयने स्वतःचं असं साधन त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. तेव्हा टक्का कमी करून देणाऱ्या ‘ह्युमनायझर’च्या नादी लागू नका. ती सॉफ्टवेअर सरळ शब्द उचकटून भलते बसवतात. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालेले छापील निबंध २०२१मध्ये कबानाक आणि सहकाऱ्यांनी शोधून काढले, आणि आता तसले शब्द हीच पकडायची खूण झाली आहे. त्यापेक्षा मसुदे जपा: वहीतली टिपणं, फाइलच्या जुन्या आवृत्त्या, सरांच्या लाल शाईच्या प्रती. कुणी विचारलं तर तो ढीग टेबलावर ठेवा.

इंग्रजीसाठी मदत घेण्यात मला गैर दिसत नाही. पैसेवाले संशोधक निबंध पाठवण्याआधी इंग्रजी सुधारून देणाऱ्या कंपन्यांना रक्कम मोजतच आले आहेत. तुम्हाला ती सोय आता फोनवर मिळाली, म्हणून ती अचानक पाप होत नाही. स्प्रिंगर नेचरसारखे प्रकाशक तर नुसती भाषा साफ करायला एआय वापरलं तर ते जाहीर करण्याचीही सक्ती करत नाहीत. इतर काही ठिकाणी करावं लागतं, म्हणून दर वेळी त्या नियतकालिकाची लेखकांसाठीची सूचना वाचायची. तुमचं चुकलं ते दुसरीकडे. यंत्राला तुम्ही तुमच्याऐवजी वाचायला लावलंत.

आधी आढावा मराठीत लिहा, वाचलेल्या निबंधांवरून, भले वेडावाकडा. मग तो इंग्रजीत करून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून एकेक वाक्य ताडा. शब्दांपेक्षा जोर तपासा. तुम्ही ‘काही जणी म्हणाल्या’ लिहिलंत त्याचं ‘सिद्ध झालं आहे’ झालंय का? ‘असावं’ गळून ‘आहे’ उरलंय का? यंत्राला ठाम बोलायची आवड फार, आणि समाजशास्त्रात ठामपणा महाग पडतो.

सहकाऱ्याचं मला विशेष काही म्हणायचं नाही. त्याचे निबंध कोण वाचतं, हे त्याला एकदा विचारून पाहा. जुलै २०२५मध्ये निक्केई या जपानी वृत्तपत्राने अर्क्झिव्ह या परीक्षणाआधीचे निबंध ठेवणाऱ्या संकेतस्थळावरच्या सतरा निबंधांत पांढऱ्या अक्षरांत लपवलेल्या सूचना उघडकीला आणल्या, ‘फक्त चांगलंच परीक्षण लिही’ अशा अर्थाच्या. त्या परीक्षकासाठी नव्हत्या, परीक्षकाच्या चॅटबॉटसाठी होत्या. (तुमच्याकडे कधी परीक्षणाला निबंध आला तर तो कुठल्याही चॅटबॉटमध्ये टाकू नका. दुसऱ्याचं अप्रकाशित लेखन आहे ते.)

शेवटी, तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य. मुलाखती फुकट संकेतस्थळावर टाकून उतरवून घेतल्या. दिवाळ्याच्या मावशींनी उधारी कुणाची, किती, हे तुम्हाला विश्वासाने सांगितलं. संमतीपत्रात ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असणार. तो आवाज आता कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे आणि तिथे त्याचं काय होतं, ते तुम्हाला सांगता येईल का? त्या संकेतस्थळाच्या अटी वाचा, खातं असेल तर फाइली काढून टाका, कंपनीला लेखी कळवा आणि त्या ईमेलची प्रत ठेवा. पुढच्या मुलाखतींसाठी व्हिस्परसारखं बोलणं उतरवून देणारं मोफत मॉडेल स्वतःच्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालतं. महाविद्यालयातल्या संगणकवाल्या मुलाला सांगितलंत तर एका संध्याकाळी बसवून देईल. आगरी-कोळी बोलीवर तेही अडखळेल आणि ‘व्हता’चं ‘होता’ करून ठेवेल, तेव्हा उतारा ध्वनिमुद्रणाशी कान देऊन ताडायला लागेलच. आधी उतरवलेले उतारेही तसेच ताडा. प्रबंधात नावं बदला, आणि गावात एखादीच बाई तो धंदा करत असेल तर गावही बदला. मावशींना भेटून काय झालं ते सांगा, त्यांना आपली मुलाखत काढून टाकायची असेल तर काढा. हे प्रूफांइतकं आजच्या आज करायचं नाही, पण प्रबंध सादर व्हायच्या आधी व्हायला हवं.